लिथियम नायोबेटमध्ये एर्बियम आत जातच नाहीये, तापमान वाढवू का?

ध्रुवतारा:
नमस्कार मंडळी, प्रकाश वाढवणाऱ्या वेव्हगाइडसाठी (प्रकाश वाहून नेणारी वाट) एक्स-कट, म्हणजे एक्स अक्षाला काटकोनात कापलेल्या, लिथियम नायोबेट क्रिस्टलवर एर्बियमचा 30 नॅनोमीटरचा थर चढवून तो आत मुरावा म्हणून 1060 अंश सेल्सिअसला ॲनिल करतोय (भट्टीत तापवतोय). टायटॅनियम 1030 ला नऊएक तासांत आत जातं आणि वेव्हगाइड तयार होतो, पण एर्बियम तीस तास ठेवलं तरी वेफर दुधट, मायक्रोस्कोपखाली पृष्ठभागभर बारीक ठिपके, पुसून जात नाहीत. माझे गाइड (मार्गदर्शक) म्हणतात वेळ वाढव. मला वाटतं सरळ 1180 करावं, वितळायला 1250 च्या वर जावं लागतं म्हणजे अजून जागा आहे ना?

जाळीतला_आयन:
1180 अजिबात करू नकोस!! वितळणबिंदू नाही, क्युरी तापमान बघ. नेहमीच्या काँग्रुएंट क्रिस्टलचं ते साधारण 1140 आहे, त्याच्या वर गेलास की फेरोइलेक्ट्रिक क्रम (आतल्या विद्युत ध्रुवांची एकसारखी दिशा) मोडतो आणि थंड होताना वेडेवाकडे डोमेन (वेगवेगळ्या ध्रुवदिशेचे भाग) तयार होतात, मग तो वेफर मॉड्युलेटरला वगैरे काही कामाचा राहत नाही. 1100 ते 1120 पर्यंत जा, भट्टीचं थर्मोकपल वेफरच्या अगदी जवळ आहे का ते आधी बघ कारण वरती दहा-वीस अंशांचा फरकसुद्धा महागात पडतो. आणि गाइडचं बरोबर आहे, एर्बियमला शंभर तास लागणं ही नेहमीची गोष्ट आहे.

अणुरेणु:
का लागतात तेही सांगतो. एर्बियम लिथियमच्या जागेवर बसतं, पण लिथियमवर एक धनभार आणि याच्यावर तीन, म्हणजे एक आयन बसवायचा तर आजूबाजूला लिथियमच्या जागा रिकाम्या राहून हिशोब जुळायला हवा. शिवाय आकारानेही मोठा, त्रिज्या 0.89 अँगस्ट्रॉम, लिथियमची 0.76 आणि टायटॅनियमची 0.6 च्या आसपास. मोठा आणि जास्त भाराचा आयन उडी मारायला फार ऊर्जा मागतो, म्हणून तापमान थोडं कमी झालं तरी वेग एकदम पडतो. खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, वेळ दुप्पट केलास तर खोली फक्त 1.4 पट.

तुझे ठिपके मला उरलेल्या एर्बियमचे वाटतात. त्या तापमानाला क्रिस्टलमध्ये जेवढं विरघळू शकतं तेवढंच आत जातं, बाकीचं वरती नायोबेट होऊन बसतं. सिम्स (पृष्ठभाग थराथराने खरवडत कुठल्या खोलीला किती एर्बियम आहे ते मोजणारी चाचणी) करून घे: वर साठा शिल्लक असेल तर पृष्ठभागावरचं प्रमाण एका आकड्याला अडकलेलं दिसेल आणि वक्र एरर फंक्शनच्या पूरकासारखा उतरेल, साठा संपला असेल तर गाऊसियन (अर्ध्या घंटेच्या आकाराचा).

ध्रुवतारा:
धन्यवाद, हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे जाड थर लावला तर गेन (प्रकाश किती पट वाढतो ते) वाढेल असं नाहीच का? आणि टायटॅनियम आधी करू की नंतर?

जाळीतला_आयन:
नाही वाढणार, उलट पातळ कर, 10-15 नॅनोमीटर घेऊन बघ. आयन एकमेकांच्या फार जवळ आले की ऊर्जा आपापसातच देतात, 980 नॅनोमीटरच्या पंप लेसरने हिरवा उजेड दिसतो आणि 1530 नॅनोमीटरला मिळायला हवं ते तिकडे वाया जातं. एर्बियम आधी, टायटॅनियम नंतर. उलटं केलंस तर त्या शंभर तासांत टायटॅनियम पसरून वेव्हगाइडचा मोड (आत बांधलेला प्रकाशाचा झोत) पार ढिला होईल.

झेड_कट:
अजून दोन गोष्टी, झेड दिशेने एर्बियम एक्सपेक्षा जलद जातं, वेळ वाचवायचाच असेल तर तापमानाऐवजी कट बदला. फक्त प्लस झेड (झेड अक्षाच्या धन टोकाच्या) बाजूवर टायटॅनियम करताना वरच्या थरात डोमेन उलटतात, म्हणून मायनस झेड वापरा. दुसरं म्हणजे इतके तास तापवताना लिथियम ऑक्साइड बाहेर उडतं आणि पृष्ठभागावर नको असलेला वेव्हगाइड आपोआप तयार होतो, त्यासाठी वायू पाण्यातून सोडून ओलसर करून घ्या किंवा वेफर बंद प्लॅटिनमच्या डबीत ठेवा, आणि थंड करताना ऑक्सिजन चालू राहू द्या नाहीतर क्रिस्टल काळपट पडतो.

ध्रुवतारा:
ठरलं मग. मायनस झेड, 12 नॅनोमीटर, 1110 अंश, ओला ऑक्सिजन, आणि टायटॅनियमच्या आधी एक तुकडा सिम्सला. वक्र आला की इथेच टाकतो, गाऊसियन आहे का नाही ते बघायला मदत करा.