मदत हवी आहे : वाघोलीत आपल्या आजूबाजूला काय उभं राहणार, हे खात्रीने कुठे कळतं?

केसनंद_फाटा

नमस्कार मंडळी,

आम्ही वाघोलीत राहतो, आव्हाळवाडीच्या बाजूला. समोर चार-साडेचार एकरांचं रान आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे बाजरी होती. दिवाळीनंतर चारी बाजूंनी पत्रे लागले, कोपऱ्यात एक कंटेनर येऊन बसला आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज नवी बातमी सुरू झाली. एकाच्या मते मॉल, दुसऱ्याच्या मते दवाखाना. चेअरमनकाकांच्या मेव्हण्याला 'आतून' कळलंय की बत्तीस मजली चार टॉवर येणार. मी पत्र्याच्या दारातल्या वॉचमनलाच विचारलं. तो म्हणाला, "साहेब, मला पत्रे राखायला ठेवलंय. आत काय होणार ते या पत्र्यांनाबी माहीत नाही."

दुसरा प्रश्न रस्त्याचा. आमच्या ब्रोशरमध्ये सोसायटीला लागून '२४ मीटर डीपी रोड' (म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता) आहे आणि तो थेट नगर रस्त्याला मिळतो. प्रत्यक्षात गेटपासून थोडं अंतर सिमेंट, मग एकदम बाभळ आणि बाभळीपलीकडे कुणाचं तरी शेत. पाण्याचे टँकर तिथेच रिव्हर्स घेतात. सकाळी शाळेच्या बसशी त्यांची रोजची जुंपलेली असते.

हे सगळं आत्ता विचारायचं कारण म्हणजे धाकट्या भावाला याच पट्ट्यात टू बीएचके घ्यायचाय. सेल्सवाले त्याला मेट्रो, रिंग रोड, सगळं 'दोन वर्षांत' म्हणून सांगतायत. ड्रोनवाले व्हिडिओ पाहून झाले. त्यात प्रत्येक पूल 'गेमचेंजर' असतो, पण तो कोण बांधतंय आणि पैसे कुणाचे, हे कुणी बोलत नाही.

कुठल्या जागेवर काय मंजूर झालंय आणि ते कुठवर आलंय, हे सामान्य माणसाला कुठल्या कागदावरून कळतं? 'बिल्डरला विचारा' सोडून काहीही सांगा.

नगररोडत्रस्त

रुमाल टाकून ठेवतो. खराडी बायपासच्या सिग्नलला निवांत वाचेन, तेवढा वेळ असतोच.

तलाठी_सज्जा

प्रोजेक्टचं नाव विसरा, गट नंबर धरा. होर्डिंगवरचं नाव बदलतं, कंपनी बदलते, एकाच जागेला फेज वन, फेज टू म्हणून चार नावं लागतात. गट नंबर सगळ्या कागदांवर सारखाच राहतो. माझी नोकरी महसुलात गेली, म्हणून जरा ठासून सांगतोय.

महाभूनकाशावर पुणे जिल्हा, हवेली तालुका, वाघोली असं निवडा आणि ओढा, रस्ता, तुमची इमारत यांच्या अंदाजाने समोरच्या रानावर बोट ठेवा. गट नंबर मिळेल. तो घेऊन महाभूलेखवर सातबारा बघा. नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका, इतर हक्कांचा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, कुळाचं नाव, सगळं तिथे सापडतं. ताजा फेरफार चालू असेल तर 'आपली चावडी'वर त्याची नोटीस लागलेली असते.

मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये गाव आणि गट नंबर घालून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघा. शेतकऱ्याने जमीन विकली की बिल्डरला विकसन करारनामा करून दिला, हे तिथे उघडं पडतं. करारनामा नोंदला गेला की पत्रे लागायला फार वेळ लागत नाही.

त्याही आधीची खूण हवी असेल तर पेपरातल्या 'जाहीर नोटीस' वाचायची सवय लावा. बारीक टायपातली ती वकिलांची नोटीस: मौजे वाघोली येथील गट नंबर अमुक आमच्या अशिलाने घेण्याचे ठरवले आहे, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे. लोक राशिभविष्य वाचून पान उलटतात. तुमच्या शेजारचं भविष्य त्याच पानावर खाली छापलेलं असतं.

लेआउट

तलाठीकाकांच्या उत्तराला +१. मी आर्किटेक्ट आहे, मंजुरीच्या बाजूचं सांगते.

वाघोलीला मंजूर डीपी नाही. ब्रोशरमध्ये काहीही छापू देत. वाघोली धरून २३ गावं ३० जून २०२१ ला पुणे पालिकेत आली. (१९९७ ला आली ती गावंही २३च. नेटवर शोधताना बाणेर-बालेवाडीचे जुने नियम समोर आले तर घोटाळा करून घेऊ नका.) गावं पालिकेत आली, पण त्यांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) ठेवले गेले. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, त्यावर हजारोंनी हरकती आल्या आणि शेवटी शासनाने तो रद्दच केला. म्हणून आजही जुन्या प्रादेशिक आराखड्याला, म्हणजे आरपीला धरून चालावं लागतं. तुमचा 'डीपी रोड' एकतर आरपी रोड असेल, नाहीतर त्या रद्द झालेल्या प्रारूपातली रेघ. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. झोन दाखला (आराखड्यात जागा कशासाठी ठेवलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा मागितला की कुठला ते स्पष्ट होतं. जुनी फाईल पाहिजे असेल तर पीएमआरडीएच्या आकुर्डीच्या ऑफिसची पायरी चढावी लागेल.

समोरच्या प्लॉटचं मात्र घरबसल्या कळेल. बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. चार एकरांवर टॉवर म्हटले की हा आकडा सहज ओलांडला जातो. अर्ज केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर असतो आणि राज्याच्या तज्ज्ञ समितीची इतिवृत्तंही वाचायला मिळतात. इमारती किती, मजले किती, सदनिका किती, पार्किंग किती, किती झाडं जाणार आणि पाणी कुठून आणणार, सगळं त्यात असतं. ब्रोशरमध्ये असते ती कारंज्यांची चित्रं, परिवेशवर असतो तो टँकरचा हिशोब. माझ्या मते पुण्यात घर घेणाऱ्याने वाचावा असा हा सगळ्यात उपयोगी कागद आहे आणि सगळ्यात कमी वाचला जाणाराही हाच.

बाणेरकरीण

रेराचं, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचं, मी सांगते. केसनंदभाऊ, महारेराच्या साइटवर पुणे जिल्ह्याच्या यादीत तुमचा ४१२२०७ पिनकोड बघत जा. पुण्याच्या जुन्या प्रकल्पांचे नंबर बहुतेक पी५२१ ने सुरू होतात. प्रकल्पाच्या पानावर मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ दाखला, वकिलाचा टायटल रिपोर्ट, चालू दावे आणि किती फ्लॅट बुक झाले ते असतं. दर तीन महिन्यांनी माहिती अद्ययावत करावी लागते, त्यामुळे दोन तिमाहींचे आकडे शेजारी ठेवले की काम हलतंय की नुसतेच पत्रे रंगवतायत ते कळतं. ताबा द्यायची तारीख प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, स्वतः लिहून दिलेली असते. सेल्सवाला तोंडाने सांगतो ती तारीख आणि ही तारीख ताडून बघा, करमणूक होईल.

यादीत नाव नाही म्हणून काही येत नाहीये असं समजू नका. प्रारंभ दाखला मिळेपर्यंत नोंदणी होत नाही. पण नोंदणीच्या आधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही. भावाला कुणी 'प्री-लाँच आहे, आत्ता लाखभर भरून ठेवा' म्हणालं तर तिथूनच चहा पिऊन परत या. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो, तो तिथल्या तिथे स्कॅन करायचा.

आणि पाणी! आमच्याकडे नंतर कळलं की पालिकेचं पाणी येईपर्यंत पुरवठा आम्ही करू, असं बिल्डरचं हमीपत्र फाईलला लावलेलं होतं. सोसायटी ताब्यात आली आणि टँकरचं बिल आमच्या गळ्यात. तुमच्याही फाईलला तसं हमीपत्र आहे का, ते बघून घ्या.

रेघोट्या

आराखड्यावर रेघ आहे म्हणून आनंदी होणाऱ्यांसाठी: एचसीएमटीआर, म्हणजे शहरातला वर्तुळाकार रस्ता, १९८७ च्या आराखड्यात होता. तेव्हा जन्मलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना शाळेत सोडताना त्याच चौकात अडकतात. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटरचा ठरला होता, जागा मिळेना म्हणून ५० वर आणला, तरी रखडला.

मेट्रोचं म्हणाल तर रामवाडी ते वाघोली हा ११.६३ किमीचा टप्पा, ११ स्टेशनं, केंद्राची मंजुरी जून २०२५. आता 'दोन वर्षांत' हे मोजून बघा. आधीच्या दोन मार्गांना मंजुरी डिसेंबर २०१६ ची. पहिला तुकडा धावला मार्च २०२२ ला आणि रामवाडीपर्यंत गाडी पोचली मार्च २०२४ ला. मेट्रो येणार यात मला शंका नाही. भावाचा ईएमआय मात्र पुढच्या महिन्यापासून.

रिंग रोड म्हणणाऱ्याला एकच विचारा: कुठला? बाहेरचा एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळाचा), आतला ६५ मीटरचा पीएमआरडीएचा. कोण बांधतंय हे कळलं की मगच टेंडर शोधता येतं. महाटेंडरवर, म्हणजे राज्याच्या निविदा पोर्टलवर, निविदा आणि भूसंपादनाची नोटीस, ही दोन्ही दिसेपर्यंत माझ्या लेखी रस्ता नाही.

केसनंद_फाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय सापडलं ते लिहितो.

गट नंबर मिळाला. इंडेक्स टूमध्ये विकसन करारनामा आहे. परिवेशवर तोच गट घातला आणि अर्ज समोर आला: तीन इमारती, पार्किंगवर २२ मजले. मेव्हण्याचे दहा मजले आणि एक टॉवर हवेत गेला. 'मॉल' म्हणजे रस्त्याच्या कडेने खाली दुकानांची ओळ, दवाखाना कुठेच नाही. पाण्याच्या रकान्यात पालिका आणि टँकर दोन्ही लिहिलंय. रेरावर अजून नाव नाही. ग्रुपवर कागद टाकला तर दोघांनी विचारलं, "फॉरवर्डेड आहे का?"

पण एक गोष्ट मला कळली नाही. त्यांच्या लेआउटच्या नकाशावर आमचाच रस्ता '२४ मी. आरपी रोड' म्हणून पूर्ण लांबीचा दाखवलाय, बाभळीच्या पलीकडेही. म्हणजे रेघ खोटी नाही. मग रस्ता मध्येच तुटतो कसा?

लेआउट

कारण तो सलग कुणी बांधतच नाही. किती एफएसआय (जागेच्या पटीत बांधकाम) आणि टीडीआर (सोडलेल्या जागेबदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकाम हक्क) वापरता येईल हे राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. त्यामुळे २४ मीटरची ती रेघ बिल्डरला तुमच्यापेक्षा जास्त प्यारी असते. त्याच्या गटातली रस्त्याखाली जाणारी पट्टी तो देतो, मोबदल्यात एफएसआय किंवा टीडीआर घेतो आणि तेवढ्याच तुकड्यावर सिमेंट पडतं. शेजारचा शेतकरी बांधत नसेल तर त्याला पट्टी सोडायची काहीच घाई नाही. वाघोली, मांजरी, सूस, जिथे जाल तिथे हेच ठिगळ दिसेल. समोरचा प्रकल्प झाला की तुमचा रस्ता तेवढ्या लांबीने वाढेल, बाभळीचा प्रश्न तसाच. म्हणून आता तुमच्या किंवा समोरच्या गटाचा नाही, बाभळीच्या गटाचा सातबारा काढा.

केसनंद_फाटा

काढला. अकरा नावं आहेत. इतर हक्कात वाटपाचा दावा.

तलाठी_सज्जा

मग आपखुशीने जागा मिळणं अवघड. अकरा जणांची संमती आणि वर चालू दावा, टीडीआर कुणाच्या नावाने घ्यायचा यावरच भांडतील. पालिकेला रीतसर भूसंपादन करावं लागेल आणि त्याला २०१३ च्या कायद्याने पैसा मोजावा लागतो. भाऊ फ्लॅट घेणार असेल तर आजचा जो वळसा आहे तोच धरून दर ठरवायला सांगा. रस्ता झाला तर नफा.

भूसंपादनाचा प्रस्ताव गेलाय का हे पालिकेच्या पथ विभागात कळेल. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ पालिकेत कागद नुसते बघायला अर्ज लागत नसे; ती सोय अजून चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. पुणे पालिकेने २००९ ला हे सुरू केलं आणि २०१८ ला शासनाने इतर ठिकाणीही लागू केलं. खिडकीवर नाही म्हणाले तर त्या आदेशाचं नाव घ्या. तरीही नाहीच म्हणाले तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. अर्जात 'रस्ता कधी होणार' असं विचारू नका, त्याला 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. 'गट नंबर अमुकमधील २४ मी. रस्त्याच्या भूसंपादन प्रस्तावाची प्रत व त्यावरील सर्व टिपण्या' असं मागा.

केसनंद_फाटा

या सोमवारी सुट्टी टाकतोय. आव्हाळवाडी, केसनंद बाजूचे आणखी कुणी येणार असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आपापला गट नंबर आणि आरपीच्या नकाशाची प्रिंट घेऊन या, एकाच फेरीत सगळ्यांच्या फायली बघता येतील.