फुफ्फुसातल्या गाठीतून सुईनं तुकडा काढायचाय: सीटीवरच का, सोनोग्राफीवर का नाही?

टॉवेलवाला, पूर्व भाग:
वडील ६४ वर्षांचे. सगळं आयुष्य टॉवेलच्या मागावर गेलं, जोडीला विडी. खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला, मग सीटी. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, सीटीवर बघून सुईनं तुकडा काढू, त्याशिवाय टीबी आहे की दुसरं काही ते सांगता येणार नाही. सोनोग्राफीत सुई स्क्रीनवर चालताना दिसते म्हणे, मग ती का नाही? आणि अक्कलकोटच्या मामांनी घरात सांगून ठेवलंय की गाठीला सुई लागली की ती पसरते. तेव्हापासून आई ऐकतच नाही.

सीटीरूम:
मी सोलापुरातच सीटीवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, एवढं धरून वाचा.

सोनोग्राफीचं हवेपुढं काही चालत नाही, आणि फुफ्फुसात हवाच हवा. गाठ छातीच्या भिंतीला टेकलेली असली तर आमचे डॉक्टर आपण होऊन सोनोग्राफीच घेतात. सुई डोळ्यांसमोर पुढं सरकते, रेडिएशनही नाही. तुमच्या वडिलांची गाठ आत असणार.

साध्या सीटीत सुई चालताना दिसत नाही, थांबल्यावर दिसते. पाठीवर बारीक तारांची जाळी चिकटवून आधी एक स्कॅन घेतो. कुठल्या तारेजवळून, किती तिरकं, किती खोल, हे स्क्रीनवर मोजायचं. मशीनची लाल रेघ अंगावर पडते, तिथं मार्करनं खूण. जागा बधिर करून सुई थोडी आत घालायची, सीटीच्या दोन-चार स्लाइस, म्हणजे आडव्या छेदाची चित्रं, काढून बघायचं, दिशा सुधारायची, परत थोडी आत. बरगडीच्या वरच्या कडेवरून जातात, कारण रक्तवाहिनी आणि नस खालच्या कडेनं जाते. सुईच्या पुढं काळी सावली पडलेली दिसली की टोक तिथंच आहे असं समजायचं. ती सावली दिसत नसेल तर आपण सुईचा मधलाच तुकडा बघत असतो, आणि टोक कुठं भलतीकडेच असतं. आमच्याकडची नवीन पोरं इथंच फसतात.

पण खरी अडचण वेगळीच. खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर एखाद-दोन सेंटिमीटर सहज वरखाली होते, आणि तुमची गाठच अडीचची! स्कॅनला मोठा श्वास घेतला आणि सुईच्या वेळी छोटा, तर मोजलेलं सगळं वाया. म्हणून घरी सराव करून घ्या. छाती फुगवून नाही, रोजचा साधा श्वास, दहा-पंधरा सेकंद धरायचा, दर वेळी तेवढाच. विडी ओढणाऱ्याला हे जड जातं, पण सरावानं जमतं. आणि सुई आत असताना खोकला आलाच, तर अंग न हलवता तोंडानं सांगायचं.

मामांना सांगा, सुईच्या वाटेनं गाठ पसरणं अगदी क्वचित घडतं. विचारायचंच तर हवा गळण्याबद्दल विचारा. फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठते, हा नेहमीचा धोका. थोडी असली तर आपोआप जिरते, जास्त झाली तर छातीत नळी घालावी लागते. त्यासाठीच काही तास थांबवून परत एक्स-रे काढतात. बहुतेक ठिकाणी बाहेरची सुई जागेवर ठेवून तिच्यातूनच आतली सुई आतबाहेर करतात. तुकडे तीन-चार, भोक एकच.

लॅबमधली ताई:
एक गोष्ट सुई टोचायच्या आधीच डॉक्टरांना विचारा: टीबीसाठी वेगळा तुकडा पाठवणार का? कॅन्सर बघायचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात जातो. टीबीचे जंतू वाढवून बघायचे तर तो सलाइनमध्ये हवा, फॉर्मॅलिननं जंतू मरतात. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकून पाठवलेले आमच्याकडं येतात, मग हात चोळत बसायचं. विड्या वळणाऱ्या, मागावरच्या माणसांच्या घरात टीबीचा संशय दरवेळी असतोच की हो.

टॉवेलवाला, पूर्व भाग:
खूप आभार. आईला वाचून दाखवलं, मामांना फोनवर. वडिलांना हार्टवाल्यांनी रक्त पातळ करायची गोळी दिलीय. ती बंद करू का?

सीटीरूम:
स्वतःच्या मनानं अजिबात नको! स्टेंट असेल तर ते महागात पडेल. गोळ्यांचं पाकीट घेऊन हार्टवाल्यांकडं जा. कुठली, किती दिवस आधी थांबवायची, मुळात थांबवायची का, हे ते आणि सुई टाकणारे डॉक्टर मिळून ठरवतात. काही गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद कराव्या लागतात, म्हणून आजच जा, तारखेच्या आदल्या दिवशी नको. प्लेटलेट आणि आयएनआर, म्हणजे रक्त नीट गोठतं का हे बघायच्या तपासण्या, त्यांचा रिपोर्ट लागेलच. जुन्या सीटीची सीडी पण आणा, नुसती फिल्म नको. सीडीवर आम्हाला मोजता येतं.