माहिती पोचली की विकास होतो का?

धागालेखक
समाजशास्त्रज्ञ डॅनियल लर्नर यांनी १९५८ साली मध्यपूर्वेच्या अभ्यासातून मांडलं की रेडिओ, वर्तमानपत्रं आली की माणूस जुन्या चौकटीबाहेरचं पाहू लागतो, आणि तिथून विकास सुरू होतो. माध्यमांचे अभ्यासक विल्बर श्राम यांनी १९६४ साली हाच विचार पुढे नेला. मला हा पायाच चुकीचा वाटतो. पेरूतल्या लॉस मोलिनोस गावात एक आरोग्यसेविका दोन वर्षं घरोघर सांगत होती, पाणी उकळून प्या. सुमारे २०० कुटुंबांपैकी ११ कुटुंबांनी ऐकलं. तिथल्या समजुतीप्रमाणे उकळलेलं पाणी आजाऱ्यानं प्यायचं असतं. धडधाकट माणूस ते कशाला पिईल? शिवाय सरपण आणि वेळ आणायचा कुठून, हे कुणी विचारलंच नाही.

रानवारा
साफ असहमत. एका फसलेल्या मोहिमेवरून पायाच उखडायला निघालात. बांगलादेशात १९८० ते १९९० या काळात ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी; जुलाब झालेल्या मुलाला द्यायचं. ही बाहेरून आलेली माहितीच होती ना?

धागालेखक
होती, पण ती दिली कशी ते बघा. माप आईच्या हाताचं, सामान तिच्या घरातलं. आणि कार्यकर्तीला पैसे मिळायचे ते आयांच्या किती लक्षात राहिलं ते तपासून. सांगणाऱ्याचीच परीक्षा! श्राम यांच्या मांडणीत हे कुठे बसतं?

पाणवठा
तुम्ही दोघंही सत्तेबद्दल चकार शब्द काढत नाही. ज्याला जमीनच नाही त्याला सुधारित बियाण्यांची माहिती देऊन काय उपयोग, हा लॅटिन अमेरिकेतल्या अभ्यासकांचा सवाल होता. नवकल्पनांच्या प्रसाराचा, म्हणजे नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा, सिद्धांत मांडणाऱ्या एव्हरेट रॉजर्स यांनीच १९७६ साली लिहिलं की विकासाच्या विचाराची ही जुनी चौकट मागे पडली. बोलिव्हियाच्या खाणकामगारांनी स्वतःच्या मजुरीतून वर्गणी काढून रेडिओ केंद्रं चालवली. १९८० च्या लष्करी उठावात सैन्यानं ती बंद पाडली. आरोग्याच्या सूचना देणाऱ्या रेडिओवर कुणी सैन्य पाठवत नाही.

रानवारा
सत्तेचा मुद्दा मान्य. पण जमिनीचं फेरवाटप होईपर्यंत मीठ-गुळाचं पाणी शिकवायचं थांबवायचं का? सरळ उत्तर द्या.

पाणवठा
नाही, थांबवायचं नाही. पण गावाला दूषित पाणी का प्यावं लागतं, हे त्याच आईला रेडिओवर विचारता यायला हवं. तुमच्या मोहिमेत तिला माइक कधी मिळतो?