अनुभव धागा: सर्व्हर बदलला आणि मेलचे फोल्डर गायब

आमच्याकडे शनिवारी रात्री मेल सर्व्हर अपग्रेड केला. सोमवारी सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "अहो, नुसता इनबॉक्स दिसतोय. माझा जीएसटीचा फोल्डर कुठे गेला?" मग फोनची रांगच लागली. कुरियर नावाचा जुना मेल सर्व्हर प्रोग्रॅम काढून डोव्हकॉट हा दुसरा टाकला होता. कुरियर प्रत्येक फोल्डरच्या नावाआधी 'इनबॉक्स.' लावतो, डोव्हकॉट सांगितल्याशिवाय लावत नाही. नेमस्पेसमध्ये (फोल्डरांची नावं कशी मांडायची ते सेटिंग) तो प्रीफिक्स, म्हणजे नावाआधीचा तुकडा, आणि नावाचे भाग वेगळे करणारा टिंबाचा सेपरेटर टाकला, सबस्क्रिप्शनची (कोणते फोल्डर दाखवायचे याची) यादी नव्या फाइलमध्ये आणली आणि सगळे फोल्डर हजर! काम दहा मिनिटांचं, पण ते उमगायला दुपारचे तीन वाजले. तुमचेही किस्से येऊ द्या. बोलणी खाल्ली असतील तर तीही लिहा.

⁂

माझा गाढवपणा सांगतो. मेलडिर (सर्व्हरवर मेल साठवायची डिरेक्टरी) जुन्या डिस्कवरून नव्यावर कॉपी करताना कमांडमध्ये शेवटी 'सगळं' या अर्थाची चांदणी (*) दिली. इनबॉक्सचे मेल साध्या नावाच्या डिरेक्टरीत असतात, ते आले. पण 'सेंट', 'बिलं', 'टेंडर' या सगळ्या फोल्डरांच्या नावाआधी डिस्कवर टिंब असतं आणि चांदणी टिंबवाल्यांना मोजतच नाही. सबस्क्रिप्शनच्या फाइलला टिंब नसल्याने ती मात्र आली. त्यामुळे थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये फोल्डरांची नावं दिसायची, पण फिकट आणि तिरकी. क्लिक केलं की काहीच नाही. मी दोन तास कॉन्फिग (सेटिंगची) फाइल उलटीपालटी करत बसलो. साधं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तर जुनी डिस्क आणि नवी डिस्क सारखीच दिसत होती, कारण एलएससुद्धा टिंबवाले लपवतं! शेवटी सहज दोन्हीकडची साइज बघितली. जुनीकडे ६१ जीबी, नवीकडे ९. पोटात गोळाच आला. नशीब, जुनी डिस्क अजून फॉरमॅट केली नव्हती. आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) लावला, रात्रभर चालला. आता आधी साइज बघतो, मग कॉन्फिगला हात लावतो.

⁂

मी आयटीवाली नाही, सीएच्या ऑफिसात आहे. आमच्या सर्व्हरवाल्या दादांनी फोनवर सांगितलं, "ताई, ब्राउझरमधून वेबमेल उघडा, तिथे दिसतात का बघा." तिथे सेटिंग्जमधल्या फोल्डरच्या यादीत सगळे होते, फक्त समोरची खूण गेलेली. थंडरबर्डमध्येही 'फक्त सबस्क्राइब केलेले फोल्डर दाखवा' ही टिक काढली आणि दिसले. तोवर मी घाबरून त्याच नावांचे नवे फोल्डर करायला निघाले होते!

⁂

आमच्या पतसंस्थेत फोल्डरांची नावं मराठीत. अपग्रेडनंतर 'वसुली', 'ठराव' जाऊन तिथे आधी ॲम्परसँड (&), मग सी, मग इंग्रजी गिचमिड, शेवटी डॅश. नवीन पोराला वाटलं व्हायरस. डिलीट करायच्या बेतात होता, मी ओरडलो म्हणून थांबला. आयमॅपची (सर्व्हरवरचे मेल फोल्डर वाचायच्या पद्धतीची) जुनी रीत अशी, की देवनागरी नाव यूटीएफ-७च्या बदललेल्या रूपात, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांत, सांकेतिक करायचं, आणि जुना सर्व्हर डिस्कवरही तेच लिहायचा. देवनागरीचे युनिकोड कोड ०९ने सुरू होतात आणि या रीतीत त्याचं पहिलं अक्षर सी होतं, म्हणून प्रत्येक नावात सी पहिला. नव्या सर्व्हरवर आम्ही डिस्कवरच्या नावांसाठी यूटीएफ-८ (देवनागरी थेट लिहायची पद्धत) चालू केलं होतं, म्हणून तो ती गिचमिड जशीच्या तशी दाखवत होता. सेटिंग परत फिरवलं, मराठी परत आली.

⁂

वरच्या चांदणीवाल्यांना: आरसिंक रूटने (सर्व्हरच्या मुख्य ॲडमिन खात्याने) केला असेल तर मालकीही तपासा. आमच्याकडे फाइली पोचल्या, पण मालक रूट. फोल्डर दिसायचे, उघडायचे नाहीत. मेल लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड'ची रांग.

⁂

आमचे मिळाले नाहीत. सर्व्हरवर शोधून दमलो, मग साहेबांचं सेटिंग पाहिलं तर पॉप! पॉपमध्ये, म्हणजे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या पद्धतीत, सर्व्हरवर फक्त इनबॉक्स. बाकी सगळं पहिल्यापासून त्यांच्या लॅपटॉपमध्येच होतं आणि अपग्रेडच्याच आठवड्यात त्यांना नवा लॅपटॉप मिळाला होता. जुना कुठाय विचारलं, तर म्हणे दिवाळीच्या सफाईत भंगारवाल्याला दिला.