लहान हौशी बोटींना नोंदणी सक्तीची असावी का?

प्रश्न: वल्ह्यांची कयाक, हवेची बोट आणि ५ अश्वशक्तीचं इंजिन लावलेली होडी, सगळ्यांना एकच नियम योग्य आहे का?

उत्तर १: नाही. सक्तीची रेघ इंजिनावर ओढावी. इंजिन आलं की वेग आणि इंधन आलं. टक्कर झाली तर मालक सापडलाच पाहिजे. नोंदणीचा खरा आधार म्हणजे बांधणी क्रमांक, म्हणजे उत्पादकाने बोटीवरच टाकलेला ओळख क्रमांक. आयएसओ १००८७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तो १४ अक्षर-अंकांचा असतो: देश, उत्पादक, अनुक्रमांक, बांधणीचा महिना-वर्ष आणि मॉडेलचं वर्ष. बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे एक, आणि तोच पुन्हा लपवलेल्या जागी. जुनी बोट घेताना दोन्ही जुळवा. घासलेला किंवा वर रंग मारलेला दिसला तर व्यवहार सोडा.

उत्तर २: कयाकला सक्ती नको, पण आतल्या बाजूला नाव-फोन हवाच. रिकामी कयाक वाहताना दिसली की शोधपथकं निघतात. नंबर असेल तर माणूस सुखरूप आहे का, हे एका फोनवर कळू शकतं.

उत्तर ३: हवेच्या बोटीवर साधं स्टिकर टिकत नाही, तिचं पीव्हीसी ताणतं-आकसतं. बोट पूर्ण फुगवा, जागा अल्कोहोलने पुसा आणि लवचिक रंगाने नोंदणीची अक्षरं लिहा. आणि हो, नोंदणी म्हणजे सुरक्षा तपासणी नव्हे. लाइफ जॅकेट वेगळंच बघावं लागतं.