विषय: रिहर्सल डिनर आणि सीमांतपूजन एकाच संध्याकाळी

नमस्कार मंडळी,

धाकटीचं लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आहे. ("चातुर्मासात?" असं सासूबाईंनी विचारून झालंय, "हॉल मिळाला तोच मुहूर्त" असं ह्यांनी सांगूनही झालंय. तो विषय मिटला.)

मुलगा इथलाच, न्यू जर्सीचा, इटालियन-अमेरिकन. माणसं फार चांगली आहेत. परवा त्याच्या आईचा फोन आला: "शुक्रवारी संध्याकाळी रिहर्सल डिनर आमच्याकडून, आमच्या नेहमीच्या रेस्टॉरंटमध्ये, ३०-३५ माणसं." (इथे लग्नाच्या आदल्या दिवशी विधींची तालीम करतात, त्यानंतरचं हे जेवण.) मी आनंदाने हो म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं की शुक्रवारी संध्याकाळी आपलं सीमांतपूजन! त्यात आमच्याकडची पुण्या-नाशिकची मिळून ५२ माणसं येतायत.

मुलीकडच्यांनी लग्नाच्या आदल्या दिवशी मुलाकडच्यांच्या पैशाने जेवायचं, हे नणंदेच्या गळी उतरणं कठीण आहे. बरं, बिल अर्धं वाटून घेऊ म्हणावं तर त्यांना काय वाटेल? आणि त्या बाईंनी अगदी आठवणीने सांगितलं, "शाकाहारी मंडळींसाठी एगप्लांट पार्मेजान मागवलंय." म्हणजे चीज घातलेलं वांगं! सासूबाई चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं खात नाहीत. बोला आता!

— मुलीची आई, एडिसन

---

ताई,

सर्वप्रथम अभिनंदन! माझ्या दोन्ही सुना इथल्या, म्हणजे मी दोनदा वरमाय झाले आणि दोन्ही वेळा हे डिनर दिलं. तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

बिलाचं नाव काढू नका. इथल्या रीतीप्रमाणे हे जेवण मुलाच्या आईवडिलांचं. लग्नाचा बाकी सगळा थाट मुलीकडे असतो, त्यांच्या हातात ही एकच संध्याकाळ. तुम्ही पाकीट काढलंत तर त्या माउलीला वाटेल, आपलं काहीतरी कमी पडलं. अगदीच राहवत नसेल तर वाइन तुमची. आपल्या राज्यात ३,००० लोकवस्तीमागे एक असे मोजून दारूचे परवाने देतात, म्हणून कितीतरी रेस्टॉरंटांत बाटली आपणच न्यायची असते. आधी रेस्टॉरंटला विचारा, मग व्याह्यांना विचारा आणि भाऊजींना दुकानात धाडा. मान राहतो, हिशेबही होत नाही.

५२ माणसं तिथे नेऊ नका. त्यांनी ३५ म्हटलं तर तुमच्या वाट्याला साधारण १५ येतात. आजी, सख्खे काका-मामा-आत्या, करवल्या, बस्स. उरलेल्यांना गुरुवारी घरी बोलवा, मसालेभात आणि मठ्ठा करा आणि व्याह्यांनाही बोलवा. आणि साडेसहा म्हणजे साडेसहा, हे पुण्याच्या मंडळींना सहाची वेळ देऊन साधता येतं.

आता जेवण. वांग्याबद्दल थेट सांगा, त्यांना उलट मजा वाटेल. पण शाकाहाराची खरी गोम वांग्यात नाही. अस्सल पार्मेजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) घालून करतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही म्हणजे मासे असतात. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं, तिरामिसूत तर अंडं असतंच, वर कधी दारूही. मिनेस्त्रोने सूप दिसायला आपल्या भाज्यांच्या सारासारखं, पण खाली मटणाचा स्टॉक असू शकतो. माझ्या थोरल्याच्या वेळी शाकाहारी विहीणबाईंनी दोन वाट्या चाटूनपुसून संपवल्या आणि मग वेटरने कौतुकाने कृती सांगितली. त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं होतं.

आजींसाठी साधी कोरडी स्पॅगेटी (ती गहू-पाण्याची असते), ऑलिव्ह तेल, टोमॅटो, तुळशीसारखी ती बेसिलची पानं. लसूण नाही, चीज नाही. शेफला आठवडाभर आधी कागदावर लिहून द्या.

— वरमाय (दोनदा), प्रिन्स्टन

---

मंडळी,

थोडं वाकडं बोलतो, राग नसावा.

सीमांतपूजन म्हणजे काय? सीमेच्या अंताशी केलेलं पूजन. (बरेच जण त्याला श्रीमंतपूजन म्हणतात, खर्च बघता तेही खोटं नाही.) पूर्वी वऱ्हाड बैलगाडीने दमूनभागून यायचं, मुलीकडचे गावाच्या वेशीवर सामोरे जायचे, पाय धुवायला पाणी द्यायचे, गंध लावायचे, जेवू घालायचे. दुरून आलेल्या माणसाचं स्वागत ते.

मग इथे दुरून कोण आलंय? नवरदेव २० मिनिटांवर राहतो. दमून आलंय ते आपलंच वऱ्हाड, नेवार्क विमानतळावर उतरलेलं. त्यांना वेशीवर जेवू घालतायत मुलाकडचे. म्हणजे ताई, सीमांतपूजन होतंच आहे, फक्त पूजा करणारे बदललेत. नणंदबाईंना हे सांगून बघा.

तरी पूजा करायचीच असेल तर जेवणाआधी १० मिनिटांत उरका. टिळा, नारळ, कपडे, औक्षण. त्यांच्या आईची खणानारळाने ओटी भरा, पण कशासाठी ते आधी सांगून. पाय धुणं वगळा. माझ्या लग्नात सासऱ्यांनी पाय धुतले तेव्हा मीच इतका अवघडलो होतो की तांब्या कलंडला. आणि निरांजन चालेल का हे रेस्टॉरंटला आधी विचारा. नाहीतर वरचे फवारे सुरू होऊन सगळ्यांचेच पाय धुतले जातील.

— एक काका, पार्सिपनी

---

काकू,

मी गेल्या जूनची नवरी. एकच सांगते: डिनरच्या आधीची रिहर्सल खरंच करा! आपल्याकडे कोणी करत नाही, कारण आपल्याला सगळं पाहून पाहून पाठ असतं. त्यांना नसतं. आमच्याकडे ती हुकली. अंतरपाट धरणाऱ्या मित्राला वाटलं, मंगलाष्टक संपलं की हात खाली. पहिलं संपलं आणि त्याने पाट सोडला. बेस्ट मॅनने, म्हणजे नवरदेवाच्या पाठराख्या मित्राने, अक्षता बेसबॉलसारख्या फेकल्या, त्या थेट गुरुजींच्या चष्म्यावर. गुरुजींनी "सावधान" म्हटलं ते बहुतेक त्यालाच.

बसवताना व्याहीभेटीचं गणित लावा. मामाशेजारी मामा, आजीशेजारी आजी. माझ्या आजीला इंग्रजी येत नाही, त्याच्या आजीला मराठी. दोघी तासभर एकमेकींच्या बांगड्या बघत बसल्या आणि निघताना एक बांगडी इकडची तिकडे गेलेली.

टोस्टच्या वेळी आपल्या बाजूनेही कोणीतरी बोलावं, पण तीन मिनिटांच्या वर नको. मी उखाणा घेतला होता, नाव गाळून देते:

टर्नपाइकवर संध्याकाळी गाड्यांची रांग,
…रावांचं नाव घेते, टोल किती ते सांग!

नवऱ्याने सगळ्यांना इंग्रजीत अर्थ सांगितला. टोल त्याच्या वडिलांनी सांगितला, सेंटपर्यंत.

— जर्सी सिटीहून

---

सगळ्यांचे मनापासून आभार.

आज विहीणबाईंशी पाऊण तास बोलले. वांग्याचं सांगितलं, तर म्हणाल्या, "आमच्या आईच्या घरी लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) शुक्रवारी मटण बंद असायचं, मला का नाही कळणार?" एगप्लांट बाकीच्यांसाठी राहील. वाइन आमची ठरली. कुठली, ते व्याही सांगणार आहेत, कारण ह्यांची झेप किंगफिशरच्या पुढे नाही. औक्षणाला रेस्टॉरंट हो म्हणालं, कापराला नाही. रिहर्सल चार वाजता हॉलवर, गुरुजी अर्ध्या तासासाठी येतायत.

नणंदेला काकांचं वेशीचं स्पष्टीकरण वाचून दाखवलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "म्हणजे टिळा आपल्यालाही लावणार का ते?" मी विहीणबाईंना विचारलंय. त्या कुंकू कुठे मिळतं ते शोधतायत. देशी दुकानांचा ओक ट्री रोड सांगितला.

आता एकच अडचण. कोणाकडे भक्कम चौरंग आहे का? आमच्या चौरंगाचा एक पाय हलतो आणि जावई सव्वासहा फूट आहे. मी येऊन घेऊन जाईन, रविवारी परत आणून देईन.

— मुलीची आई, एडिसन