पहिली मीटिंग तुम्हाला कशी सापडली?

सांजवेळ
काल रात्री ओळखीतल्या एका मुलाचा मेसेज आला, "ताई, तुमची ती मीटिंग नेमकी कुठे भरते?" आणि मला तो जिना आठवला. भिंतीला वहीचा फाडलेला कागद चिकटवलेला, त्यावर एक बाण आणि 'ए.ए.' एवढंच. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचा गट. वर एक काका खुर्च्या मांडत होते. नाव नाही, गाव नाही, म्हणाले, "जरा त्या कोपऱ्यातल्या खुर्च्या आणता का इकडे?" आणल्या. हाताला काम मिळालं म्हणून मी त्या दिवशी दारातून परत फिरले नाही. तुमचं कसं झालं? कुणी सांगितलं, आत कसे गेलात? लिहा. आत्ता कुणीतरी शोधत असेल.

निळीशाई
डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे नंबर लिहून दिला होता. पाकिटात राहून राहून शाई फिकी झाली, तेव्हा फोन केला. मला वाटलं नाव, पत्ता, किती पिता, सगळं खोदून विचारणार. पलीकडचा म्हणाला, "मी पण दारुडाच. बोला." बाकी चौकशी शून्य. सभासद व्हायला एकच गोष्ट लागते, पिणं थांबवायची इच्छा. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, जमलं तर टाका, नाहीतर पुढे सरकवा.

पायवाट
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. ह्यांच्यासाठी मीटिंग शोधायला फोन केला तर बाईंनी विचारलं, "आणि तुमच्यासाठी?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं हो. रडूच फुटलं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं, १९५१ पासून. मुलांसाठी अलाटीन. आमचे हे ए.ए.त यायच्या आधीपासून मी जाते. मुलीचा अभ्यास घ्यायचाय, नंतर लिहिते.

निळीशाई
पायवाट ताई, नक्की लिहा. माझ्या बायकोला वाचायला देतो.

खिडकीपाशी
आमच्या मीटिंगला शाळेतले बाक. लहान मुलांचे. गुडघे छातीशी.

रातपाळी
बाक परवडले, आमच्याकडे पत्र्याच्या खुर्च्या, जरा हललं की किंचाळतात. कुणी गंभीर बोलत असलं की सगळे श्वास रोखून 😄
बरं मुद्द्याचं. रात्रपाळीवाल्यांनी ऑनलाइन मीटिंग बघा. जगात कुठे ना कुठे चालू असतेच. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. फोनवर 'मीटिंग गाइड' नावाचं ए.ए.चंच अ‍ॅप आहे. पण यादीतली वेळ जुनी असू शकते, निघण्याआधी फोन करा. मी कुलूप लावलेल्या दारापुढे ताटकळत उभा होतो. त्या मनःस्थितीत ते कुलूप फार लागतं.

दिवेलागण
खोलीत सगळे पुरुष, मी एकटी बाई. तोंडातून शब्द फुटेना. कुणीतरी महिलांच्या मीटिंगचा पत्ता दिला, तिथे मात्र बांध फुटला. एक गट नाही रुचला तर दुसरा बघा, कुणी रागवत नाही.

उंबरठा
+१. मी देव न मानणारा. प्रार्थना सुरू झाली की बूट घालायला उठायचो. एकजण म्हणाले, प्रार्थनेच्या वेळी गप्प बस, बाकीचं ऐक. ऐकत राहिलो. तरी नाहीच पटलं तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाधर्माशी संबंध नसलेले गट आहेत.

वॉर्डातली
नर्स आहे, घाईत लिहितेय. रोज भरपूर पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नये!! थरथर, घाम, मग फिट, भास. पहिले काही दिवस जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. किंवा दोन्ही एकदम. पण डॉक्टर हवेतच.

जुनापान
१९३५ सालचं सांगतो, मला फार आधार देतं. ए.ए. ज्या दोघांनी सुरू केली त्यातला बिल विल्सन, तेव्हा नुकती दारू सोडलेला, कामासाठी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनला गेलेला, सौदा फसलेला, हॉटेलात एकटा, समोर बार. प्यावंसं वाटलं तेव्हा त्याने चर्चच्या यादीतले नंबर फिरवायला घेतले, मला दुसरा कुणी दारुडा भेटवा म्हणून. त्यातून दुसरे, डॉ. बॉब स्मिथ भेटले, तेही पिणारेच. पंधरा मिनिटं बसतो म्हणाले आणि काही तास बोलत राहिले. तेव्हा यादी नव्हती, अ‍ॅप नव्हतं, मीटिंगच नव्हती. शोधणारा माणूस तेवढा होता.

दिवेलागण
हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

सांजवेळ
सगळं त्या मुलाला वाचून दाखवलं. त्याची आई सोबत यायचं म्हणते. चालेल ना?

निळीशाई
ओपन मीटिंग असेल तर चालेल. क्लोज्ड असेल तर आत फक्त पिणं थांबवू बघणारे. आधी विचारा.

पायवाट
आले परत. क्लोज्ड असली तर त्याच वेळी अल-अ‍ॅनॉन असतं का तेही विचारा, पुष्कळ ठिकाणी शेजारच्या खोलीतच असतं. आणि त्या माउलीला माझा नंबर द्या, खासगी मेसेजमध्ये पाठवते.

सांजवेळ
दिला. ती आत्ताच फोन करतेय तुम्हाला, उचला.